भूमिपूजनाच्या जागेवर जवळा

नागपूरचं हिवाळी अधिवेशन आटोपलं की मी दरवर्षी जानेवारीत काही दिवस गावाकडे काढते. कार्यालयाच्या कागदात त्याला 'दौरा' म्हणतात, माझ्या माहेरची माणसं 'आली का बाई' एवढंच म्हणतात. म्हसळ्याजवळच्या एका बौद्धवाडीत माझा जन्म झाला. सव्वीस वर्षं मी म्हसळा आणि श्रीवर्धन तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं आणि चार वर्षांपूर्वी पक्षाने मला विधान परिषदेवर पाठवलं. म्हणजे हा मुलूख मला नवा नाही. तरी या खेपेला तिसऱ्या दिवशी माझी अशी फजिती झाली, की ती मीच लिहिलेली बरी. दुसरं कुणी लिहील तर मीठमसाला लावील.

आगरदांडा ते दिघी

मुंबईहून आम्ही मुरूडच्या अंगाने आलो. आम्ही म्हणजे मी आणि दळवी. दळवी माझी गाडी चालवतात आणि कार्यक्रमांची वहीही सांभाळतात. पन्नाशी उलटलेला माणूस, बोलतो कमी, काळजी फार करतो.

आगरदांड्याला गाडी फेरीबोटीत चढवली. खाडी निवांत होती, लांब तोंडाशी जंजिऱ्याची काळी भिंत दिसत होती. बोट दिघीला टेकली, पुढची फळी खाली आली, मोटरसायकली भुर्रकन निघून गेल्या आणि आमची गाडी काही सुरू होईना. दळवींनी चावी फिरवली की आतून नुसता खाकरल्यासारखा आवाज येई. पुढच्या काचेवर लाल अक्षरांत 'विधान परिषद सदस्य'. मागे भाजीचा टेम्पो आणि लग्नाला निघालेल्या बायकांची जीप खोळंबली होती.

"सरकार बंद पडलं वाटतं," जीपमधून कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. दुसरं करणार काय?

पांढऱ्या दाढीचे, डोक्यावर जाळीची टोपी घातलेले एक गृहस्थ पुढे आले आणि त्यांनी गाडीच्या मागच्या बाजूला खांदा लावला. मग चौघे आले. मी उतरून पदर खोचला. दळवी आतून "मॅडम, तुम्ही नको" म्हणत राहिले, पण चढण होती आणि हात कमी होते. फळीवरून ढकलत गाडी वर आणली तेव्हा कुठे ती एकदाची खोकून सुरू झाली.

त्या गृहस्थांना सगळे इब्राहिमचाचा म्हणत होते. तरुणपणी ते जहाजांवर होते, आता दिघीत राहतात आणि भाड्याने होडी देतात. त्यांनी आम्हाला टपरीवर चहा पाजला.

"बाई, तुमचा मतदारसंघ कुठला?" त्यांनी विचारलं.

"मला मतदारसंघ नाही चाचा. मला आमदारांनी निवडून दिलंय."

"म्हणजे आमची मतं तुम्हाला लागत नाहीत?"

"नाही लागत."

त्यांनी बशीतला चहा संपवला. "मग तुमच्याशी बोलायला हरकत नाही. ज्याला काही लागत नाही तो निदान ऐकून तरी घेतो. आमच्या मोहल्ल्यातल्या विहिरीला जाळी नाही. मी दर जुम्म्याला लोकांना बजावतो की पोरांना लांब ठेवा. किती दिवस बजावू?"

दळवींनी वहीत विहीर लिहून घेतली. दौऱ्यातली ती पहिली नोंद.

दिवेआगर

दुपारी दिवेआगरला एका घरगुती खानावळीत जेवलो. केळीच्या पानावर उकडीचे मोदक, वर तुपाची धार. अधिवेशनाच्या काळात नागपूरला मी रोज झणझणीत रश्शाने डोळे पुसत जेवते. इथे पहिल्या घासालाच जीभ थंडावली. शेजारच्या वाड्यांत काही वर्षांपूर्वीच्या चक्रीवादळाच्या खुणा अजून होत्या. उंच माडांच्या मध्येच मोकळं आभाळ दिसे आणि त्याखाली गुडघाभर वाढलेली नवी रोपं.

तिथे मला भेटायला नीलेश आला. तो चौथीत माझा विद्यार्थी होता. अक्षर सुरेख, गणितात कच्चा. त्याचं गाव तिथून फार लांब नाही. गावाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण भांडण आता मिटलं आहे. गाव लहानच, समुद्राकडे कोळीवाडा, मध्ये नारळी-पोफळीच्या वाड्या आणि रस्त्याच्या वरच्या बाजूला बौद्धवाडी.

"बाई, तुम्हाला ते वादळ आठवतं ना? दुपारी वाडीत सावली होती, संध्याकाळी नुसतं आभाळ. बाबा दोन दिवस पडलेल्या पोफळी मोजत फिरले, मग मोजायचे थांबले." नव्या पोफळी धरायला वर्षं लागतात, म्हणून त्याने त्याच जागेवर पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या. गावात आता अशी सात-आठ घरं झाली होती आणि नीलेश त्यांचा अध्यक्ष होता.

"शनिवार-रविवारी गल्लीत गाड्या अडकतात बाई. गेल्या महिन्यात एका आजारी आजींना खाटेवरून रस्त्यापर्यंत आणावं लागलं, रिक्षा आतच येईना. पण आता तुमच्यामुळे प्रश्न सुटतोय."

त्याने निमंत्रणपत्रिका पुढे केली. समुद्राकाठच्या मोकळ्या जागेवर फरसबंदी, वाहनतळ आणि बसायला बाकं. भूमिपूजन माझ्या हस्ते, परवा सकाळी अकरा वाजता. माझ्या आमदार निधीतून या कामाची शिफारस मी सप्टेंबरमध्ये मुंबईत, दोन बैठकांच्या मधल्या वेळात केली होती. अर्ज नीलेशचा होता, सोबत जागेचा फोटो होता. नीलेशचं अक्षर पाहूनच मला बरं वाटलं होतं. माझ्या नावाची पाटी माझ्याच मुलखात पहिल्यांदा लागणार होती. मला आनंद झाला होता, ते लपवत नाही.

श्रीवर्धन

दुसरा दिवस श्रीवर्धनच्या सुपारीवाल्यांत गेला. दळवी सकाळीच गाडीला नवी बॅटरी बसवायला गेले आणि मी पायी एका ओळखीच्या वाडीत शिरले. अंगणभर असोली, म्हणजे न सोललेली सुपारी उन्हात पसरली होती. वाडीच्या मालक काकू ऐंशीच्या पुढच्या. ओसरीवर बसून त्या सुपारी निवडत होत्या.

मुंबईत कुठल्याही बैठकीला गेलं की आधी कामाचं बोलतात आणि निघताना नाव विचारतात. आपल्याकडे उलटं.

"कुणाची गं तू?" काकूंनी विचारलं.

मी आमच्या बौद्धवाडीचं आणि आईचं नाव सांगितलं.

"सखू? आमच्याकडे विऱ्या गोळा करायला यायची ती?"

पोफळीच्या गळून पडलेल्या रुंद झावळ्यांच्या बुंध्यांना विऱ्या म्हणतात. माझी आई त्या गोळा करी, त्यांचे द्रोण-पत्रावळी होत.

"हो, तिची थोरली मी."

काकू उठल्या, सावकाश आत गेल्या आणि सुनेला हाक न मारता स्वतः दोन कप चहा घेऊन आल्या. एक मला दिला, दुसरा स्वतः घेऊन माझ्या शेजारी बसल्या. माझी आई याच घराच्या मागच्या पायरीवर करवंटीतून चहा प्यायची. मी तिच्यासोबत यायची, म्हणून मला ते माहीत होतं. काकूंनाही ठाऊक होतं.

"तिला मी कधी आत बोलावलं नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हा सासूबाई होत्या." मग थोड्या वेळाने, सुपारीकडे बघतच, "सासूबाई गेल्यावरही नाही बोलावलं."

माफ केलं म्हणणं माझ्या हातात नव्हतं, ते आईच्या हातात होतं आणि आई आता नाही. मी म्हणाले, "चहा चांगला झालाय काकू." त्यांनी मान हलवली. मग त्यांनी मला सुपारी निवडायला शिकवली. हातात घेऊन हलवायची, आत खुळखुळली तर वाळली. तासभर आम्ही दोघी सुपाऱ्या कानाशी धरून बसलो. इतर बागायतदार माझी वाट बघत होते, त्यांच्याकडे उशिरा पोचले. रोपं वेळेवर आणि चांगली मिळत नाहीत हे सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं होतं. दळवींनी ते लिहून घेतलं.

कोळीवाडा

तिसऱ्या दिवशी दळवींचा नव्या बॅटरीवरही विश्वास नव्हता. वाटेत गाडी बंद पडली तर हाताशी वेळ हवा म्हणून त्यांनी मला पहाटेच उठवलं. गाडी कुठेही बंद पडली नाही आणि आम्ही अकराच्या कार्यक्रमाला आठ वाजता पोचलो.

पत्रिकेतली जागा शोधत समुद्राकडे गेलो. मांडवाचे चार बांबू सोडले तर सगळी जमीन शेणाने सारवलेली होती आणि तिच्यावर फिकट गुलाबी चादर अंथरावी तसा जवळा पसरलेला होता. जवळा म्हणजे बोटाच्या पेराएवढी बारीक कोळंबी. कडेला बांबूंच्या वलांडीवर बोंबील लटकत होते. दहा-बारा बायका वाकून जवळा परतत होत्या.

"गाडी मागं घ्या! मागं! जवला तुडवाल!" हिरवं लुगडं कासोट्याने नेसलेली एक बाई हात करत धावत आली. तिचं नाव हिराबाय. दळवींनी घाईघाईने गाडी मागे घेतली. मी उतरले, चपला काढल्या आणि कडेच्या दगडावर बसले. काचेवरच्या लाल अक्षरांकडे तिचं लक्ष गेलं नव्हतं. तिने मला पाहुणी समजून हातावर मूठभर सुकलेला जवळा ठेवला. "खा बाय. बाजारात असा मिलनार न्हाय."

"आज एवढी घाई कसली चालली आहे?" मी विचारलं. बायका अर्धवट वाळलेला माल टोपल्यांत भरत होत्या.

"धा वाजेपर्यंत जागा साफ करायची हाय. कोन आमदारीन येनार हाय. फरशी बसवनार, गाड्या लावनार."

"मग तुम्ही जवळा कुठे वाळवणार?"

"ते तिला विचारा."

"तुम्हाला आधी कुणी विचारलं नाही?"

"न्हाय. कागदच आला. कागदावर तिची सही हाय, मग आमाला कोन विचारतंय?"

जवळा माझ्या हातात होता. मी तो तोंडात टाकू शकले नाही, खालीही ठेवू शकले नाही. "ती सही माझी आहे," मी म्हणाले.

हिराबायने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मागच्या बायकांचे हात थांबले.

"तुमी कागद वाचलात का न्हाय?"

"वाचला. जागा मोकळी आहे असं लिहिलं होतं. फोटोही होता."

"कसा होता?"

मी आठवून सांगितलं. ओली जमीन, कडेला हिरवं गवत, वर काळं आभाळ, माणूस एकही नाही.

"मंग बरोबर हाय," हिराबाय म्हणाली. "पावसात कोन मावरं सुकवील? तवा जागा मोकलीच असतं."

सव्वीस वर्षं मी या किनाऱ्यावरच्या मुलांना ऋतू शिकवले. समुद्राकाठच्या मोकळ्या जमिनीचा पावसाळ्यातला फोटो पाहून मला एक प्रश्न पडायला हवा होता. पडला नाही. मला त्या बायकांसमोर लाज वाटली. ती लाज आतल्या आत गिळण्यासारखी नव्हती, कारण अकरा वाजता मांडव भरणार होता.

"टोपल्या भरू नका," मी म्हणाले. "जवळा परत पसरा."

"आनि तुमचा कारेक्रम?"

"तो मी बघते."

अकराच्या सुमाराला नीलेश आला. त्याच्याबरोबर सरपंच, शासनाचे अभियंता, नारळ, हार आणि कुदळीला बांधलेली फीत. मांडवाच्या खाली जवळा तसाच पसरलेला बघून त्याचा चेहरा उतरला.

मी माईक घेतला नाही. कोळणी एका बाजूला, खोल्यावाले दुसऱ्या बाजूला उभे होते. मधल्या पायवाटेवर उभं राहून मी सांगितलं, की शिफारस मी केली, जागा न बघता केली, चूक माझी आहे आणि आज भूमिपूजन होणार नाही. दळवींच्या पिशवीतून कोरं लेटरहेड घेतलं, गाडीच्या बॉनेटवर ठेवून शिफारस मागे घेतल्याचं पत्र हाताने लिहिलं आणि अभियंत्यांना दिलं.

"बाई, तुम्ही शब्द दिला होता," नीलेश म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागला. "मी खोटा फोटो नाही जोडला. मी स्वतः काढलाय."

"फोटो खोटा नाही नीलेश. पण तू याच गावातला आहेस. जानेवारीत इथे काय असतं ते तुला माहीत होतं."

त्याने पसरलेल्या जवळ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "त्या आजींना खाटेवरून न्यावं लागलं, तेही खोटं नाही."

तेही खरंच होतं. मी एकीकडचं चुकीचं दुरुस्त करून दुसरीकडे हात झटकून निघाले असते, तर ती दुसरी चूक झाली असती. अभियंता चांगला माणूस होता. तो म्हणाला, "मॅडम, दुसरी जागा आज सुचवली तर काम याच वर्षात बसेल." सरपंच लगेच म्हणाले, "वर बौद्धवाडीत विहारासमोर मैदान आहे. मोकळंच असतं."

'मोकळंच' हा शब्द ऐकला आणि हिराबाय माझ्याकडे बघून हसली. "चला बाय, यावेली विचारून येऊ," ती म्हणाली.

बौद्धवाडी

आम्ही चालत वर गेलो. पुढे मी आणि हिराबाय, मागे सरपंच आणि अभियंता, सगळ्यांच्या मागे नीलेश. अंतर दहा मिनिटांचं, पण ऊन चढलं होतं. हिराबायने मला सांगितलं, की इतक्या वर्षांत ती या वाडीत सुकी मासळी विकायला कितीदा आली, पण बसायला आज पहिल्यांदाच येत होती.

विहारासमोर शांताराम गुरुजी भेटले. निवृत्त शिक्षक, माझ्या आधीच्या पिढीतले. "जय भीम" झालं, पाणी झालं. त्यांनी शेजारच्या चार घरांतून माणसं बोलावली. आमचं म्हणणं ऐकल्यावर विळीवर चिंच फोडत असलेल्या सुमनताई म्हणाल्या, "म्हणजे खालच्यांचा कचरा आमच्या दारात?"

"कचरा नाही ताई, गाड्या," सरपंच म्हणाले.

"गाड्यांबरोबर कचरा येत न्हाय का?"

मला वाटलं इथेच संपलं. ही माझी माणसं, त्यांना गळ घालणं मला सोपं होतं, म्हणूनच मी गप्प बसले. गुरुजींनी सगळ्यांना बोलू दिलं. तासभर गेला. शेवटी ठरलं ते त्यांनीच सांगितलं. शनिवार-रविवार गाड्या इथे लावा. वाडीची माणसं लक्ष ठेवतील, कचरा टाकणाऱ्याला वाडी बोलेल आणि ते बोलणं कुणी मनाला लावून घ्यायचं नाही. चौदा एप्रिलला आणि लग्नकार्याला मैदान आमचं. आणि फरशी नको, मुलं खेळतात, पडली तर मातीवर पडू देत.

"फरशी नाही तर मग काम काय दाखवायचं?" अभियंत्याने मला हळूच विचारलं.

"काहीच नाही," मी म्हणाले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की पाटीही लागणार नाही.

नीलेश मैदानाच्या कडेने फिरून आला. "पाहुणे एवढं चालणार नाहीत," तो म्हणाला.

"चालतील," हिराबाय म्हणाली. "आमी डोक्यावर टोपली घेऊन चालतो. त्येंच्या डोक्यावर काय हाय?"

सगळे हसले, नीलेश सोडून. निघताना मी त्याला हाक मारली, त्याने लांबूनच हात जोडले. विद्यार्थी बाईंना करतात तसा नमस्कार नव्हता तो, आमदाराला करतात तसा होता.

मुंबईत आल्यावर

काम कागदोपत्री रद्द झालं. इब्राहिमचाचांच्या विहिरीच्या जाळीसाठी मी शिफारस केली, पण आधी त्यांच्याकडून विहिरीचा घेर मोजून मागवला. रोपांचा विषय समितीपुढे मांडला, तो अजून समितीपुढेच आहे. बौद्धवाडीच्या मैदानावर गाड्या लागू लागल्याचं गुरुजींनी फोनवर सांगितलं. पहिल्या दोन शनिवारी भांडणं झाली, तिसऱ्या शनिवारी झाली नाहीत. नीलेशचा फोन मात्र आला नाही. मीही केला नाही, काय बोलायचं ते ठरत नव्हतं.

शिमगा झाल्यावर एका सकाळी त्याचाच फोन आला.

"बाई, तक्रार आहे."

"बोल."

"गाड्या बौद्धवाडीत लागतात. तिथे सुमनताईंनी चूल मांडलीय. हिराबायचा जवळा आणि तांदळाची भाकरी. माझे पाहुणे गाडी लावतात, तिथेच जेवतात आणि माझ्याकडे येऊन नुसते झोपतात. दुपारचं माझं जेवण वाया जातं बाई!"

तो खरोखर चिडला होता. तीन महिन्यांनी त्याच्या आवाजात चौथीतला नीलेश ऐकून मला फार बरं वाटलं.

"तक्रार लेखी दे," मी म्हणाले.

"दिली तर सही कराल?"

"आधी सुमनताईंकडे जेवून येईन. मग बघू."

पलीकडून तो म्हणाला, "येणार असाल तर रविवारी या बाई. त्या दिवशी मीही तिथेच जेवतो."